पाणथळासाठी लिहिलेला अर्ज

आश्विनातल्या एका मंगळवारी माझी पत्नी गेली. सकाळी तिने तांदूळ निवडले होते. संध्याकाळी स्मशानातून परतलो आणि मी घराचं दार लावून घेतलं.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. तिच्याविषयी लिहायला बसलो की शेवटचे दिवस मागे राहतात आणि ते पाणथळ पुढे येतं.

मी कर्जतच्या शाळेत मास्तर. तिचं माहेर पोशीरच्या बाजूला, भातशेतीवाल्यांचं. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात तिने मला तिथे नेलं. डोंगराच्या पायथ्याकडे दीड-दोन तास चाललं की जमीन पायाखाली मऊ लागू लागते, पुढे लव्हाळे आणि त्यांच्या पलीकडे पाणी. उन्हाळ्यात तिच्या माहेरची माणसं तिथे मासे धरायची. एरवी कोणी फिरकत नसे.

पाण्याखालून एक जुना बांध गेला होता. ती लुगडं खोचून पुढे, मी धोतर सावरत मागे. माझ्या हातात शाळेतून आणलेलं पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक होतं.

"अवो, ते पुस्तक पडंल पाण्यात, आन त्याच्यामागं तुमी."

"मग काय करू?"

"माझ्या पावलात पाऊल टाका. आन गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. समोर पाण्यावर ढेकळं पसरलेली दिसत होती. मग ढेकळांनी माना वर केल्या, तेव्हा कळलं की ती बदकं आहेत. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचं एक पाखरू चालत होतं. पुस्तकात ते सापडेपर्यंत तिने त्याचा संसार सांगून टाकला. त्यांच्यातली बाई अंडी घालून निघून जाते, पोरं बाप्या वाढवतो.

"आवडलं दिसतंय तुमाला," ती म्हणाली. "नीट बघून घ्या, कामाला येईल."

त्यानंतर आम्ही दर हिवाळ्यात जात असू. मूल आम्हाला झालं नाही. त्याबद्दल घरात बोलणं होत नसे. पाणथळावर मात्र ती पुष्कळ बोलायची.

लढाईच्या दिवसांत धान्य कमी पडू लागलं. पडीक आणि पाण्याखालची जमीन भाताखाली आणायची, असं ठरलं. पाणथळाचा बांध फोडून पाणी नदीला सोडणार, ही बातमी तिच्या कानावर आली. दोन दिवस ती नीट जेवली नाही. मग म्हणाली, "तुमी शिकल्यालं हाय. लिवा की सरकारला."

मी लिहिलं. चार रात्री खपून लिहिलं. कोणती पाखरं कुठून येतात, केव्हा उतरतात, किती शेकड्यांनी. तिने तो अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच पाठवू दिला.

महिन्याभराने तलाठी घरी आला. तो घाटावरचा, आमच्या भागात नवा. म्हणाला, उद्या कचेरीतले साहेब स्वतः जागा बघायला येताहेत. मग ओसरीवर टेकत त्याने विचारलं, "मास्तर, सोबत दोन पाहुणे आहेत, बंदुका घेऊन. तुम्ही लिहिलंय तेवढी बदकं मिळतील ना?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

तो गेल्यावर ती दारात आली. "कागद झकास लिवला तुमी. वाचून त्यांना भूकच लागली."

मी साहेबांची समजूत घालतो, असं म्हणालो. तिने मान हलवली. "तुमी नका बोलू. वाट मी दावते."

दुसऱ्या दिवशी तिने त्या सगळ्यांना उलट्या बाजूला नेलं, करवंदीच्या जाळीमागे. तिथे म्हशी बसायचं डबकं होतं. सहा म्हशी आणि एक बगळा.

"बदकं कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या मास्तरांना ईचारा, साहेब. मी अडाणी बाई. त्यांना म्हशीवर बगळा दिसला तरी दोन पानं लिवतात."

पाहुणे हसले. साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, अर्जातलं ठिकाण हेच?"

खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करत असे. शिवाय हे उघडं पडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हेच, साहेब," मी म्हणालो. "वर्णन जरा वाढवून झालं."

साहेबांनी तलाठ्याला लिहून घ्यायला सांगितलं: म्हशींचं डबकं, भातास निरुपयोगी. पाहुण्यांनी बंदुका उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतल्या आणि सगळे नेरळच्या वाटेला लागले.

परतताना ती पुढे चालत होती. मग म्हणाली, "राग आला? चार माणसांत तुमाला खुळं केलं."

"खुळा आहेच मी. नाहीतर असा अर्ज कोण लिहील?"

"तसं नाय," ती म्हणाली. "तुमी वाचताना पाखरं खरीच उतरली व्हती."

ती गेल्यावर या मार्गशीर्षात मी पोशीरला उतरलो आणि एकटाच चालत गेलो. पाणथळ आहे. तिथे भात लावलेला नाही. बदकं आली आहेत.