दाखला अडवणारे बडे बाबू

आमच्या शाळेचे बडे बाबू खिडकीकडे पाठ करून बसत. अमरावतीतल्या त्या शाळेत ऑफिसची खिडकी एकच. तिच्यापुढे पोरापोरींची आणि पालकांची रांग, आणि आत पाहिलं तर फक्त बाबूंची रुंद पाठ. हात मागे करून ते अर्ज घेत आणि तसाच मागे हात करून परत देत. कुणी धीर करून म्हटलं, ‘‘बाबूजी, जरा इकडे पाहता का?’’ तर उत्तर ठरलेलं असे. ‘‘थोबाड पाहून काय करू? अर्ज दे.’’

माणूसजातीबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतंच, आणि ते लपवायचे कष्टही ते घेत नसत. मुख्याध्यापकांबद्दल म्हणत, ‘‘साहेबाले सही येते. बाकीचं येऊन राहिलं हळूहळू.’’ शिक्षकांबद्दल म्हणत, ‘‘मास्तर लोक वर्गात कमी राहते अन् मस्टरवर जास्त.’’ पोरं तर त्यांच्या हिशेबी सरसकट भैताड, म्हणजे बिनडोक. पहिल्या नंबरची पोरगी पेढे घेऊन आली, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘‘पेढा चांगला हाय.’’ बस, एवढंच. ती पहिल्या नंबरची पोरगी मीच. दहावीतली गोष्ट. मी त्या दिवसापासून त्यांचा राग राग करायला लागले.

तसा शाळेचाही मला रागच होता. शाळेलाच जोडून अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय होतं. म्हणजे इमारत तीच, मोडके बाक तेच, फक्त अकरावीत आल्यावर आम्हाला ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हणत. फिजिक्सचे सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नव्हतं. त्या तासाला पीटीचे सर येत, ‘‘वाचत बसा’’ म्हणत आणि स्वतः मोबाइल वाचत बसत. माझ्या घरचे लोक शहराबाहेरच्या वावरात फुलं पिकवणारे. पहाटे झेंडू तोडून बाजारात नेणारे. त्यांच्या पोरीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ती पीटीच्या सरांसमोर वाचत बसली होती.

म्हणून बारावी सुरू झाल्या झाल्या मी ठरवलं, ही शाळा सोडायची. अकोल्यातल्या एका क्लासवाल्यांनी सगळी सोय सांगितली होती. दिवसभर त्यांच्याकडे शिकायचं, त्यांच्याच होस्टेलवर राहायचं, आणि कागदोपत्री नाव अकोल्यापुढच्या एका खेड्यातल्या कॉलेजात. तिथे कधी जायची गरज नाही, हजेरी आपोआप लागते. बारावीत कॉलेज बदलायची परवानगीसुद्धा तेच आणणार होते. आमच्या शाळेतून फक्त शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. त्यांच्या भिंतीवर डॉक्टर झालेल्यांचे फोटो होते. न झालेल्यांचे लावायचे म्हटले असते तर अकोल्यात तेवढी भिंत मिळाली नसती, पण हे मला तेव्हा कुठलं सुचायला!

वडिलांना घेऊन मी खिडकीपाशी गेले. ऑफिसात देवाची तसबीर आहे म्हणून वडिलांनी झेंडूची पिशवी आणली होती. बाबूंनी मागे हात करून पिशवी घेतली आणि तशीच टेबलाखाली ठेवली. मग अर्ज वाचला.

‘‘शाळा सोडण्याचे कारण, घरगुती. काहून, घरी काय झालं भाऊ?’’

वडील गडबडले. ‘‘काही नाही जी. सगळं बरं हाय.’’

‘‘मंग हे घरगुती कुठून आलं? सगळे भैताड हेच लिहितेत. साहेब नाहीत आत्ता. सोमवारी या.’’

साहेब आतल्या खोलीत होते. त्यांच्या खोकल्याचा आवाज आम्हाला स्पष्ट येत होता. सोमवारी गेलो तर साहेबांची सही व्हायची होती. गुरुवारी गेलो तर शिक्का सापडत नव्हता. ‘‘याईले काही द्या लागते काय?’’ वडील हळूच म्हणाले. ते बाबूंनी ऐकलं आणि पिशवी काढून खिडकीतून परत दिली. झेंडू पार सुकला होता.

पुढच्या खेपेला मी एकटीच गेले आणि भांडले. माझं वर्ष वाया जाईल, तुम्हाला त्याचं काय, वगैरे. बाबूंनी मला बोलू दिलं.

‘‘सोडून राहिली ते तुले मालूम हाय,’’ ते म्हणाले. ‘‘जिथं चालली ते पाहिलं का?’’

‘‘क्लास पाहिला ना.’’

‘‘क्लास नाही. कॉलेज. दाखला तं कॉलेजाच्या नावानं फाटते. तिथल्या बाबूची चिठ्ठी आण, का पोट्टीले घेतो म्हणून. कॉलेज हाय तं बाबू असनच. चिठ्ठी आणली का दाखला नेजो.’’

असली अट कुठल्याही नियमात नव्हती. तरी मी चडफडत गेले. अमरावतीहून बसने अकोला, तिथून दुसऱ्या बसने ते खेडं. फाट्यावर उतरून कॉलेज विचारलं, तर दोघांना माहीतच नव्हतं. तिसऱ्याने विचारलं, ‘‘खताच्या गोदामाच्या तिथलं?’’ गोदामाच्या तिथलं नव्हे, गोदामच होतं. टिनाचा एक लांबडा हॉल, त्यावर कॉलेजचा भला मोठा बोर्ड. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पेरणीचे दिवस होते, म्हणून आत छतापर्यंत खताची पोती. ‘प्रयोगशाळा’ असं रंगवलेल्या दाराला गंजकं कुलूप आणि व्हरांड्यात पाऊस चुकवून उभ्या बकऱ्या. पोती मोजणाऱ्या माणसाला मी तिथल्या बाबूंचं विचारलं. तो म्हणाला, ‘‘ॲडमिशन इथं नाही होत ताई, अकोल्यात होते. इथं फक्त परीक्षा होते.’’

परतीच्या बसमध्ये मी रडले. आमची शाळा भिकार होती, पण निदान तिच्या प्रयोगशाळेचं दार उघडत होतं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत गोदामाची आणि बकऱ्यांची हकिगत सांगून अर्ज मागे घेतला. बाबूंनी तो चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि म्हणाले, ‘‘पुढचा.’’

मला वाटलं, माणूस वरून फणस आहे. माझ्या भल्यासाठी त्याने हे केलं. दोन महिने मी त्यांच्याकडे भक्तिभावाने पाहत होते, तेही पाठीकडेच. मग शिपायाने हसत हसत खरं काय ते सांगितलं. पोरांची गणती होईपर्यंत बाबू कुणाचाच दाखला सोडत नाहीत. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की जागा जातात, आणि त्यात बाबूंच्या भाच्याचीही जागा होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खिडकीवर जाऊन तोंडावर, म्हणजे पाठीवर, विचारलं.

‘‘मंग? मी काय महाराज हाव का?’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘एकेक पोट्टी गेली का तुकडी जाते. तुकडी गेली तं फिजिक्सचा मास्तर कोणाच्या नावानं मांगू? अन् तुले बकऱ्या मी दाखवल्या का? थ्या तं तिथंच होत्या.’’

मी पाय आपटत वर्गात परतले.

दिवाळीनंतर फिजिक्सला तासिका तत्त्वावर एक सर आले. बरं शिकवत. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले, पण मेडिकलला लागले नाही. दुसऱ्या शाळांमधून अकोल्याच्या त्या क्लासला गेलेल्या पाचजणींपैकी एक लागली, चौघी नाही. आमच्या गल्लीत मात्र त्या एकीचंच नाव झालं आणि ‘‘ही राहिली शाळा धरून’’ असं माझ्यादेखत बोललं गेलं. मी शेतकीला अकोल्यात प्रवेश घेतला. बाबूंना मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि खरं सांगायचं तर त्या देताना बकऱ्या आठवून हसूही आलं.

तीन वर्षांनी अकोल्याच्या भाजीबाजारात एक ओळखीचा आवाज ऐकू आला. ‘‘हा सांबार हाय का गवत?’’ निवृत्त होऊन बडे बाबू मुलाकडे राहायला आले होते. मी नाव सांगितलं. त्यांना आठवलं.

‘‘डॉक्टर झाली का?’’

‘‘नाही. शेतकीला आहे.’’

‘‘हूं.’’ सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी त्यांनी पिशवीत टाकली. मग म्हणाले, ‘‘माह्या नातवाले त्याच बकऱ्याईच्या कॉलेजात टाकून राहिला माहा पोरगा. घरी मी बोललो तं म्हणते, तुमचा जमाना गेला. तू येते का? त्याले सांग.’’

या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची फार कीव आली, आणि ती त्यांना मुळीच शोभत नव्हती. तुच्छता शोभायची.

मी गेले. नातू सोफ्यावर कानात इअरफोनची बोंडं घालून बसला होता. एका कानातलं काढून त्याने माझं ऐकलं, आणि मी एके काळी बाबूंकडे जसं रागाने पाहायची तसंच माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही तर शाळा सोडली नाही. मग तुमचं काय झालं?’’

मी तोंड उघडायच्या आत बाबू बोलले. ‘‘काही नाही झालं तिचं. पण थे जाऊन पाहून आली होती. तू पाहून आला का?’’

पोरगा ओशाळला. म्हणाला, ‘‘जाईन ना आबा. रविवारी जाऊन येतो.’’

‘‘रविवारी खरं कॉलेजही बंदच राहते, भैताडा. मंगळवारी जाय.’’

पुढच्याच महिन्यात बाबू गेले. मला कुणी कळवलं नाही, आमच्या शाळेच्या ग्रुपवर फोटो आला, त्यातही चेहरा नीट दिसत नव्हता. नातू त्या मंगळवारी गेला का, हे मला अजून माहीत नाही. त्या घरात हे विचारावं असा एकच माणूस होता.