इंजिनिअरचं आडनाव

कोल्हापूरकडं माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर सरळच, "म्हंजे कुणाच्यातलं तुम्ही?" यात लपवाछपवी काही नसते. एसटीत शेजारी बसलेली बाई कुरुंदवाड यायच्या आत तुमचं सगळं काढून घेते. मग उरलेला प्रवासभर एक तर ती भाजलेल्या शेंगा पुढं करत राहते, नाही तर खिडकीबाहेर बघत बसते. मी दोन्ही प्रकारचे प्रवास केलेत. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की लोकांना पुढचं काही विचारावं लागत नाही.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळयानाची एक मराठी मालिका लागायची. ती मला इतकी का आवडते, हे माझ्याआधी माझ्या वडिलांच्या लक्षात आलं. आबा सरकारी कचेरीत कारकून होते. रविवारची दाढी ते टीव्हीसमोर करायचे. एकदा वस्तरा हातात तसाच धरून म्हणाले, "ह्यांच्यात कुणाला आडनावच न्हाई बघ. कप्तान, डॉक्टर, इंजिनिअर. बास." आणि खूश होऊन त्यांनी दुसऱ्या गालाला साबण लावला.

यान पुठ्ठ्याचं होतं, हे आम्हालाही कळत होतं. बटणं म्हणजे रंगवलेली बाटल्यांची बुचं होती. पण त्या यानात इंजिनिअर ही एक बाई होती आणि काही बिघडलं की कप्तान तिच्याकडं वळून म्हणायचा, "तुम्ही सांगा, काय करायचं?" आमच्या वस्तीत नळ बिघडला तरी एवढ्या अदबीनं कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी तेव्हाच ठरवलं की आपण विज्ञान शिकायचं.

कॉलेजात मला याच मालिकेनं मैत्रीण दिली. ती कोल्हापुरातल्या पेठेतली, शेतकरी मराठा घरातली. खाली गोठा, वर माडीवर टीव्ही आणि व्हिडिओ. तिच्या भावानं मालिकेचे भाग कॅसेटवर उतरवून घेतले होते. संध्याकाळी तिचे वडील म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध विकायला गेले की आम्ही चौघंपाचजण माडीवर जमायचो आणि तेच ते भाग पुन्हा बघायचो. तिची आई गोठ्यातूनच ओरडायची, "पोरगी आली व्हय? वर जा की, चहा ठेवलाय." त्या घरात मला कुणी कधी वेगळं वागवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला आधीच कळायला हवं होतं.

एका वर्षी आमच्या माडीवरच्या टोळक्यातल्या एकाच्या तालीम मंडळानं गणपतीत त्या यानाचा सजीव देखावा केला आणि इंजिनिअर म्हणून मला उभं केलं. आबांचा चेहरा उतरला. "गणपतीत काय काम तुझं?" मी म्हटलं, "गणपतीत न्हाई, यानात उभी राहणाराय." चंदेरी कापड, डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढं काच. घामानं जीव जायची वेळ यायची, पण जागची हलले नाही. बघायला आलेली माणसं विचारायची, "आत कोण हाय?" आणि तालमीतली पोरं सांगायची, "इंजिनिअर हाय." झालं, पुढचा प्रश्न नाही. आबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून बराच वेळ बघत होते, हे मला काचेतून दिसत होतं. इतकी सुखी मी फार कमी वेळा झालेय.

मालिका मात्र अर्धवट बंद पडली. शेवटच्या भागात यानाचं काहीतरी दुरुस्त करायला इंजिनिअर बाहेर गेली, दोरीला धरून लोंबकळत राहिली, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम लागला. ती आत आली का, यावर आम्ही कॉलेज संपेपर्यंत भांडत होतो.

नंतर नोकऱ्या लागल्या. मी गडहिंग्लजला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दोन हजार साल उलटून गेलं होतं, केबलवर वाहिन्यांची गर्दी झाली होती, तेव्हा एका वाहिनीनं जाहीर केलं की पूरग्रस्तांच्या मदतीसाठी रविवारी मोठा कार्यक्रम आहे आणि त्यात आपल्या मालिकेचे जुने कलाकार एकत्र येऊन नवा छोटा प्रवेश करणार आहेत. मैत्रिणीचा फोन आला. "ती आत येणाराय बघ! सुट्टी काढ, न्हाईतर मीच यीऊन उचलून नेतो तुला." रविवारच होता, सुट्टी कसली काढायची? सकाळच्या एसटीनं मी कोल्हापुरात हजर.

माडी तीच, माणसं तीच, पोटं तेवढी सुटलेली. प्रवेश सुरू झाला. यानाच्या दारावर थापा. दार उघडलं तर इंजिनिअर, तीच नटी, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि तोंडात अस्सल आपल्याकडची भाषा. "आवो कप्तान, मला भाईरच इसरलासा की!" हशा. आम्हीही हसलो, मीही हसले. मग कप्तान म्हणाला, "बाई, इतकी वर्षं एकत्र काढली, पण तुमचं आडनाव विचारायचंच राहिलं." ती लाजली. त्याच्या कानाशी गेली आणि काहीतरी कुजबुजली. कप्तान दोन पावलं मागं सरकला. "तरीच!" म्हणाला, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि हातात झाडू दिला.

कानात काय सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. तरी स्टुडिओतल्या सगळ्यांना कळलं. किती वेळ टाळ्या पडत होत्या. ती झाडत झाडत निघून गेली आणि पडद्यावर सढळ हातानं मदत करण्याचं आवाहन आलं.

माझे कान तापले होते. माडीवर मात्र गदारोळ उठला आणि क्षणभर मला वाटलं, चला, सगळ्यांनाच लागलंय.

तालीमवाला म्हणाला, "आपली भाषा म्हंजे ह्यांना जोकरच वाटतोय. गावाकडचं बोललं की हसायचं." खरं होतं त्याचं. दुसऱ्या एकाला यानाची इंच न इंच माहिती होती. त्याचं म्हणणं, दार डावीकडं हवं, यांनी उजवीकडं केलं. आणि इंजिनिअरची कॉलर निळी असते, ही पिवळी कुठून आणली? तो खरोखर रडकुंडीला आला होता. मैत्रीण तर लालबुंद. "एवढी वर्षं वाट बघायला लावली आनि असा पोरखेळ? मी पत्र लिहितो. सगळ्यांनी सह्या करायच्या." तिनं कागद घेतला आणि भाषा, दार, कॉलर असं भराभर लिहायला लागली.

मी म्हटलं, "आणि ते आडनावाचं?"

"कुठलं?"

"कानात सांगितलं ते. पुढं झाडू दिला."

"ते व्हय? ते काय, विनोद होता की."

"काय विनोद होता? मला समजावून सांग."

कॉलरवाला टीव्हीचा आवाज कमी करायला उठला. मैत्रिणीनं पेनाचं टोपण लावलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "आगं, चांगल्या कामासाठी केलंय त्यांनी. एवढं काय धरून बसायचं? तुमच्यात जरा सगळंच मनाला लावून घेत्यात."

कॉलर चुकली तेव्हा हे चांगलं काम कुणाला आठवलं नव्हतं. पण मला लागलं ते त्यानं नाही. तुमच्यात. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता, आणि आज तो इतका सहज आला की कुठं शोधावासुद्धा लागला नाही. मला वाटत होतं, ही विसरलीय. ती विसरली नव्हती, फक्त बोलत नव्हती. त्या नटीचं मला फार वाईट वाटलं नाही, तिला पैसे मिळाले असतील. हिला काय मिळालं?

"आमच्यात म्हणजे कुणाच्यात?" मी विचारलं.

"तसं न्हाई गं म्हणायचं मला..."

मी सही केली नाही. गोठ्यापाशी तिच्या आईनं हाक मारली, "लगीच चाललीस? दूध तरी घिऊन जा." त्या माउलीला काय सांगणार? एसटी चुकंल म्हटलं आणि निघाले.

दीड-दोन महिन्यांनी शाळेत तिचा फोन आला. आवाजातून आनंद ओसंडत होता. वाहिनीचं उत्तर आलं होतं. पोशाखातल्या चुकीबद्दल आणि कोल्हापूरकरांची मनं दुखावल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती. तिनं ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मी सगळं ऐकून घेतलं.

"आता तरी राग गेला न्हवं तुझा?" तिनं विचारलं. तिला खरोखरच वाटत होतं की विषय मिटला.

"माझा राग त्यांच्यावर नाहीच," मी म्हटलं. "तुझ्यावर आहे."

मग म्हशींना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.