घरच्या दुधात नसलेलं

बन्सी बनकर यांचा हर्सूलला गोठा आहे. म्हशी स्वतः धुवायच्या, धार स्वतः काढायची आणि मोटरसायकलला कॅन अडकवून शहरातल्या क्रांती चौकाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये दूध घालायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. पिशवीतलं दूध म्हणजे पांढरं पाणी, असं ते गिऱ्हाइकांना तोंडावर सांगत.

नात तनुजा दोन वर्षांची झाली तेव्हा तिचे पाय धनुष्यासारखे बाकदार दिसू लागले. चालताना ती डुलायची, लवकर थकायची. आजी साळूबाई म्हणाल्या, "वाढंल तसे सरळ होतील." पण सून मोनिकाला राहवेना. ती तनुजाला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली, तेव्हा बन्सीही सोबत गेले.

एक्स-रे आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मुडदूस आहे. ड जीवनसत्त्व फार कमी आहे. मूल उन्हात खेळतं का?"

मोनिका म्हणाली, "दारातच हायवे आहे, मॅडम. ट्रक सारखे चालू असतात. घरातच ठेवते."

बन्सी मध्येच बोलले, "पोरगी रोज म्हशीचं ताजं दूध पिते. हाडं कच्ची राहतील कशी?"

"दुधात कॅल्शियम आहे, बाबा. पण ते हाडात मुरायला ड लागतं, आणि ते दुधात मुळातच नसल्यासारखं असतं. म्हशीच्या काय नि गायीच्या काय."

उपचाराला डॉक्टरांनी औषध दिलं. रोज थोडा वेळ अंगावर ऊन घ्यायला, अंड्यातला पिवळा बलक द्यायला सांगितलं. पुढं रोजच्यासाठी, ड मिसळलेलं पिशवीतलं दूधही चालेल म्हणाल्या. त्यावर निळी 'प्लस एफ' खूण असते.

औषध, ऊन, अंडं बन्सींनी मान्य केलं. औषधाचा मोठा डोस संपल्यावर मोनिकानं पिशवी आणली, तेव्हा मात्र ते ताटावरून उठले.

"गवळ्याच्या घरात पिशवी? लोक काय म्हणतील?"

"मामा, तुमच्या दुधाला कुणी नाव ठेवत नाय. त्यात जे नाय ते नाय. तुम्हाला चहाला आपलंच ठेवते."

ते गोठ्यात जाऊन बसले. दोन दिवस सुनेशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोनिकाला ताप होता. पिशवी संपली होती. बन्सी स्वतःच दुकानात गेले. निळी खूण सापडेना, म्हणून दुकानदाराला दाखवायला लावली.

बाहेर नेमक्या सुलेखाताई भेटल्या, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. हर्सूललाच असलेल्या माहेराहून परतत होत्या.

"बन्सीभाऊ, तुमच्या हातात पिशवी?"

त्यांना शरम वाटली, पण खोटं सुचलं नाही. "नातीला मुडदूस झाला व्हता, ताई. आपल्या दुधात ड नाय. हे लई उशिरा कळलं."

सुलेखाताईंनी पुढच्या महिन्यात बन्सींचं अर्धं दूध बंद करून नातवाला पिशवी लावली. बन्सींना वाईट वाटलं. कारण मात्र विचारलं नाही.

पुढच्या एक्स-रेत हाडं भरत आलेली दिसली. पायांचा बाक बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल. सकाळी आता बन्सी म्हशी धुतात तेव्हा तनुजा गोठ्यासमोरच्या उन्हात उघड्या अंगानं चिखलात बसते. साळूबाई ओरडतात. पण तनुजाला कुणी उचलत नाही.