अर्जातील क्षमाप्रार्थना

ज्याच्या स्मरणावाचून कोणत्याही कार्यास हात घालू नये त्या विघ्नहर्त्याला, आणि पुढील हकिगत ज्याच्या अखत्यारीत येते त्या जलाधिपती वरुणाला वंदन करून, आज खंडेनवमीच्या दिवशी हे लिहावयास बसलो आहे. भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातील यंत्रपूजा आटोपून नुकताच परतलो. तेथील मागच्या भिंतीवर सरकारची एक पाटी आहे. ती पाहिली की मला दरवर्षी माझा अपराध आठवतो.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षे झाली होती. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो व मुंबई सोडून इकडे राहावयास आलो होतो. अक्षर वळणदार म्हणून या कारखान्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला, आणि मंत्र येतात म्हणून पूजाही.

मालक जवळच्याच मोरवा गावातल्या जुन्या मिठागरवाल्या घराण्यातला. त्याला दुःख एकच होते, ते म्हणजे वडिलांचा अबोला. भांड्यांना चकाकी आणण्यासाठी आम्ल वापरावे लागते. कारखाना नवा असताना ते आम्लाचे पाणी नाल्यातून थेट घरच्या मिठागरात शिरले आणि एका हंगामाचे मीठ पिवळे पडले. पुढे मालकाने पाणी शुद्ध करण्याची टाकी बांधली, पण वडिलांनी कारखान्याचा उंबरठा काही ओलांडला नाही.

अशात सरकारची एक योजना निघाली. कायद्याने सांगितले आहे त्याहून अधिक निगुतीने जो कारखाना हवा-पाणी राखील त्याला सन्मानाची हिरवी पाटी मिळणार होती. भाग घेण्याची सक्ती नव्हती.

मालक म्हणाला, "गुरुजी, ही पाटी गेटवर लागली ना, की बाबांना हात धरून आणतो. सरकारच सांगतंय म्हटल्यावर काय बोलतील?"

अर्ज मी चार दिवस खपून लिहिला. टाकी, झाडे, विजेची बचत, सारे यथास्थित मांडले. शेवटी 'अन्य माहिती' असा एक रिकामा रकाना होता. आता कोणत्याही पूजेच्या अंती, काही न्यून राहिले असेल तर त्याची क्षमा मागण्याचा आपला प्रघात आहे. तो मी जन्मभर पाळला आहे. तेव्हा त्या रकान्यात, आणि तो अपुरा पडला म्हणून जोडलेल्या दोन पृष्ठांवर, मी कारखान्याची अकरा न्यूने क्रमवार लिहिली.

मालकाने अर्ज न वाचताच कपाळाला लावला, सही केली आणि पाठवून दिला.

महिन्याभराने तपासणीसाठी एक अधिकारी बाई आल्या. त्यांच्या हाती माझीच पृष्ठे होती.

"तिसरं न्यून," त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'टाकीत चुना घालणारा गृहस्थ उत्तनला मेहुणीच्या लग्नास गेल्याने दोन दिवस चुना पडला नाही.' खरंय?"

"लग्न चांगलं झालं मॅडम," तो गृहस्थ मागून म्हणाला.

"पाचवं. 'लावलेल्या रोपांपैकी दोन पेणकरपाड्याच्या शेळीने खाल्ली.' सहावं. 'मालकांच्या केबिनमधील झाड प्लॅस्टिकचे असूनही त्यास नित्य पाणी घातले जाते.'"

मालक केबिनकडे धावला आणि कुंडीत बोट घालून आला. बोट ओले होते. "गुरुजी," तो हताशपणे म्हणाला, "हे मला तरी सांगायचं होतंत!"

बाईंनी चष्मा काढून मला विचारले, "आजोबा, असा अर्ज कोणी करतं का हो? लोक आमच्यापासून लपवतात."

"बाई," मी म्हणालो, "त्यावाचून सांगता पूर्ण होत नाही."

त्यांनी अकराही न्यूने जागेवर जाऊन पाहिली. सातवे गंभीर होते. मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचे पाणी नाल्यातून उलटे चढे आणि टाकी ओसंडून मिठागराकडे वाही. पंधरा दिवसांनी पत्र आले. यंदा पाटी नाही, सातवे न्यून दूर करून पुन्हा अर्ज करावा.

मालक रागावला नाही, आणि तेच मला अधिक लागले. एवढेच म्हणाला, "आता बाबा काय येतायत, गुरुजी."

मी न्यूनांची प्रत घेऊन मोरव्याला गेलो. म्हातारबाबा ओटीवर बसले होते. अपराध माझा, मुलाचा नव्हे, असे सांगून मी यादी वाचू लागलो. शेळीपाशी त्यांच्या मिशा हलल्या. प्लॅस्टिकच्या झाडापाशी ते इतके हसले की आतून सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"माजे पोरानं सही केली यावर?"

"केली." न वाचता केली, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ते माझे बारावे न्यून.

"सातवा परत वाचा."

मी वाचले. ते उठले, पायांत चपला घातल्या.

त्या दिवशी योगायोगाने खंडेनवमीच होती. कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. वडिलांना फाटकात पाहून मालकाच्या हातातला नारळ खाली पडून आपोआप फुटला. म्हातारबाबांनी पूजेकडे पाहिले नाही, की मुलाकडे. ते सरळ मागच्या भिंतीशी गेले, धोतर खोचून नाल्यात उतरले आणि भिंतीवरचा भरतीचा डाग वितीने मोजला.

"पानी चढतंय कुठवर ते ठावं न्हाय, आन् टाकी बांदतोय!" ते खालून गरजले. "बांद हितून दोन हात उचल. तोंड तिकडं फिरव. मिठागरात वाढलास ना रं तू?"

"हो, बाबा," मालक म्हणाला. अंगावरच्या रेशमी सदऱ्याची पर्वा न करता तोही नाल्यात उतरला. प्रसाद दोघांनी चिखलाच्या पायांनीच घेतला.

पुढच्या वर्षी पाटी मिळाली. मालक ती फाटकावर लावू लागला, तेव्हा म्हातारबाबांनी त्याच्या हातून काढून घेतली आणि मागच्या भिंतीवर, नाल्याकडे तोंड करून, स्वतः ठोकली.

"रस्त्याला दावून काय करतोस? ज्याचा गुना केलास त्याला दाव."

ती आजही तेथेच आहे. मी, अधिकारी बाई आणि खाडीतले बगळे सोडून ती फारशी कोणी वाचलेली नाही.

वाचकहो, तुमच्या घरचे पाणी निर्मळ राहो, रुसलेली माणसे आपल्या पायांनी परत येवोत, आणि तुमच्या अंगणातले प्रत्येक रोप शेळीच्या दृष्टीपासून सुरक्षित राहून मोठे होवो. तुमचे व तुमच्या कुटुंबाचे कल्याण असो.