तळ्याची आमरी श्रीवर्धनच्या आंब्यावर

मी जाणार नव्हतो. आमची सून सायली पेणमधल्या बायकांच्या एका गटात आहे. कुठे झाड तोडलं जाणार असेल तर त्याच्यावर वाढलेली रानटी आमरी, म्हणजे ऑर्किड, आधी उतरवायची आणि दुसऱ्या सुरक्षित झाडावर बांधायची, हे त्यांचं काम. मे महिन्याच्या शेवटी तळा गावाकडे जायचं ठरलं आणि ऐनवेळी मुलाला सुट्टी मिळेना. "बाबा, तुम्ही चला. घरी बसून काळजी करता, ती तिथे येऊन करा," सायली म्हणाली. मला राग आला, पण पिशवी भरली. बीपीच्या गोळ्या, पंचा, टॉर्च, जुलाबाचं औषध आणि जादा चपला.

मी सातवी शिकलो, नंतर सारं आयुष्य ट्रकवर गेलं. त्यामुळे लिहिण्यात चूक दिसली तर सांभाळून घ्या.

पहाटे जीप निघाली. पाच बायका, ड्रायव्हर सुनील आणि मी. तुम्हाला जायचं असेल तर ऊन चढायच्या आत कोलाड गाठा. तिथे वडापाव गरम मिळतो. स्वच्छ संडास असलेलं हॉटेल मात्र आधी विचारून ठेवा, माझ्या वयाच्या माणसाला तीच पहिली चौकशी. इंदापूरला महामार्ग सोडून तळ्याकडे वळलो. मला वाटेत पोलिसांची धास्ती होती, कारण परवानगीशिवाय अशी रोपं काढणं गुन्हा आहे, असं सायलीनेच सांगितलं होतं. गटाच्या प्रमुख राजश्रीताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला वनखात्याचं पत्र दाखवलं. थोड्या वेळाने मी परत मागितलं, तर त्यांनी न रागावता परत दाखवलं.

रस्ता रुंद होणार म्हणून तळ्याच्या अलीकडचं एक किंजळीचं जुनं झाड जाणार होतं. तोडणारी माणसं करवत घेऊन सावलीत बसली होती. "बांडगुळं उतरवायला एवढ्या बाया?" त्यांच्यातला एक हसला. खरं सांगायचं तर मलाही ते बांडगूळच वाटत होतं. राजश्रीताई म्हणाल्या, "बांडगूळ झाडाचं खातं. ही नुसती झाडावर राहते, खायचं-प्यायचं हिचं हिच्यापाशी." मग मी मान वर केली. फांदीवरून गुलाबी फुलांच्या लांब वेण्या लोंबत होत्या. सीतेची वेणी म्हणतात तिला. इतकी वर्षं याच भागातून ट्रक नेले, पण नजर कायम रस्त्यावर.

पाडेली पांडू वर चढला. पाडेली म्हणजे नारळ-सुपारी उतरवणारा. त्याने एकेक रोप सालीसकट सोडवलं आणि ओल्या गोणपाटात घालून टोपलीतून खाली सोडलं. "नवरी घोड्यावरनं उतरवतात तशी उतरवलीय, बाय. आता सासर चांगलं बघा," तो वरून ओरडला. शेवटची टोपली खाली आली आणि करवत सुरू झाली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

परत इंदापूर, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनला पोचलो. म्हसळ्यापुढची वळणं सुनीलने बरी घेतली, तरी मी पुढचा दांडा घट्ट धरून होतो. श्रीवर्धनला हमीदभाईंची सुपारीची वाडी आहे. बरीच वर्षं मस्कतला काढून ते गावी परतले. वाडीत गार सावली आणि पाटाचं पाणी, आमरीला अगदी हवं तसं. अंधार पडायच्या आत बायकांनी रोपं पोफळींना केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीने, बांधली. माझे हात कापतात, म्हणून मी नुसता बघत होतो. रात्री हमीदभाईंच्या घरून तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सार आलं. पैशाचं नाव काढलं तर त्यांची बायको पडद्याआडून म्हणाली, पाहुण्यांनी असं बोलायचं नसतं.

सकाळी विहिरीवर तोंड धुताना मला एक पिंप दिसलं. आत निळे-हिरवे डाग. मला शंका आली की विचारल्याखेरीज मी शांत बसत नाही. "हे कसलं हो?"

"मोरचूद आणि चुना," हमीदभाई म्हणाले. "पावसात सुपारी सडून गळते, म्हणून फवारतो."

"सगळ्या पोफळींवर?"

"न फवारून कसं चालेल, काका?"

राजश्रीताईंच्या हातातला चहा तसाच राहिला. मोरचुदात तांबं असतं आणि ते आमरीला विष. सावली आणि ओल बघितली, फवारणीचं विचारायचंच राहिलं, असं त्या म्हणाल्या. हमीदभाईंना खरंच कळेना. "औषधानं झाड मरतं होय? आम्ही जगवायला मारतो." फवारणी थांबवली तर त्यांचं वर्षाचं पीक जाणार, म्हणून थांबवा असंही कुणाला म्हणता येईना. शेजारच्या वाड्याही तशाच. बायका सोपटं सोडू लागल्या. उन्हं वर येत होती, रोपांची मुळं पुन्हा उघडी पडली होती आणि आम्हाला त्याच दिवशी परतायचं होतं. मला वाटलं, मी विचारलंच नसतं तर निदान आजचा दिवस तरी सगळ्यांचा आनंदात गेला असता.

हमीदभाई फोन घेऊन बाजूला गेले. जमातीच्या बुजुर्गांशी बराच वेळ बोलले आणि परत आले. "आमच्या कब्रस्तानात आंबे हायत, जुने. तिथं फवारा न्हाय, कुऱ्हाड न्हाय. बुजुर्ग हो म्हणालेत. पण आमच्यात बाया आत जात न्हाईत. काका, तुम्हालाच यावं लागेल."

आत कसं वागायचं, पाय कुठे ठेवायचा, डोकं झाकायचं का? मी हे सगळं विचारलं आणि हमीदभाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. पंचा डोक्याला बांधून गेलो. सुनीलने शिडी धरली, वरच्या फांद्या हमीदभाईंनी घेतल्या, खालचं खोड माझ्याकडे. दगडी गडग्यापलीकडे बायका उभ्या.

"बाबा, मुळं सालीला टेकू द्या."

"टेकवली."

"आणि माती लावू नका."

"सायली, मला दिसतंय."

ट्रकवर ताडपत्री बांधायची गाठ मला येते, तीच मारली. हात कापत होते, पण गाठ बसत गेली. एका आंब्यापाशी हमीदभाई जरा थांबले. खाली त्यांच्या अम्मीची कबर होती. "हिथं दोन जास्त बांधा," एवढंच म्हणाले. मी तीन बांधल्या.

परतीच्या वाटेवर कोलाडला चहा घेताना राजश्रीताईंनी मला बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी सगळ्यात आधी चौकशी तुम्ही करायची. मला आयुष्यभर सगळे सांगत आले की फार विचारू नका.

घरी आल्यावर माझी काळजी काही कमी झाली नाही. वारा सुटला की रोपं पडली असतील, पाऊस लांबला की सुकली असतील. पण त्या काळजीत आता पांडू आहे, पडद्याआडून बोललेली ती बाई आहे आणि ज्यांनी मला परक्याला आत घेतलं ते बुजुर्ग आहेत. त्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत. रोज देवापुढे बसलो की त्यांची नावं न घेता त्यांना नमस्कार करतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास हमीदभाईंचा फोन आला. काही रोपं गेली, म्हणाले. बाकीच्यांनी हिरव्या टोकाची नवी मुळं सोडली आहेत, ती सालीत शिरलीत. अम्मीपाशी बांधलेल्या तिन्ही आहेत. आणि माझ्या गाठी त्यांनी कापून टाकल्या.

"कापल्या? पडल्या तर?"

"ओढून बघितलं, काका. सुटत न्हाय."