स्पेनमधल्या तळ्याची खोली

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी एकदा स्पेनमध्ये बंगला घ्यायला गेले होते. मस्कतच्या हॉटेलात, कडेवर पोर घेऊन.

तेव्हा आम्ही मस्कतमध्येच, दार्सैत भागात दोन खोल्यांत राहायचो. सई पंधरा महिन्यांची झाली तरी चालत नव्हती. शेजारच्या रत्नागिरीच्या खाला म्हणायच्या, "चालेल गो, इतकी घाई कशाला?" पण मी रोज तिचे तळवे तपासायचे.

अशात नवऱ्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्याला आलेलं एक आमंत्रण आम्हाला देऊन टाकलं. दक्षिण स्पेनमध्ये गोल्फच्या मैदानालगत बंगले. माहिती आणि चहापान.

"केक खायचे, एसीत बसायचं, सही करायची नाही," नवऱ्याने बजावलं.

हॉलमध्ये हिरवळीची लांब पट्टी अंथरलेली, टोकाला चेंडूसाठी भोक. मस्कतचं गोल्फ मी वाळूवरच पाहिलेलं. म्हटलं, हिरवळ म्हणजे काय ते सईच्या पायांना कळू दे. हातात बिस्कीट देऊन तिला तिथे बसवलं, नवऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं.

"सोचिए मॅडम, बच्ची ऐसे ही घास पर खेलेगी," विक्रेता म्हणाला.

एवढं एक वाक्य मला पुरतं हो.

"बॉल उडके आया तो?"

"जाली है, मॅडम."

"कितनी ऊंची? और ये फोटो में तालाब है, उसको कंपाउंड है क्या? गहरा कितना है?"

त्याने साहेबाला बोलावलं. "सर, पार्टी सीरियस है." साहेबाने मला सोफ्यावर बसवलं, ज्यूस मागवला आणि तळ्यासाठी थेट स्पेनला फोन लावला. चार फूट. ते ऐकून शेजारच्या जोडप्याने हातातला फॉर्म हळूच परत ठेवला.

"तो मॅडम, दो बेडरूम या तीन?"

"तीन," मी म्हणाले. सासूबाईंना वेगळी खोली नको?

तेवढ्यात मागे टाळ्या वाजल्या. मला वाटलं, माझ्या बंगल्यासाठी. मी वळून, हसून मानसुद्धा लववली.

माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. नवरा पट्टीच्या टोकाशी उकिडवा बसलेला, डोळे भरलेले, मिठीत सई.

"अगं, चालली ती. आठ पावलं. बिस्कीट नेऊन भोकात टाकलं. तुला हाका मारल्या मी."

आणि मी कुठे होते? स्पेनच्या तळ्यात पोरीला बुडण्यापासून वाचवत होते.

आता सई विचारते, "आई, मी फर्स्ट टाइम कशी चालली?"

"ते बाबाला विचार," मी सांगते. "तळं चार फूट होतं, एवढं मला नक्की माहीत आहे."