केबलजवळ नेलेला हात

साहेबांनी आधी स्वतःची अंगठी काढून खिशात टाकली. मग घड्याळ. मग मला हाक मारली.

"ए मौसी, इधर आ. हाथ दे."

मी झाडू खाली ठेवला. इच्छापोरच्या त्या कारखान्यात लोखंड वितळवायची विजेची भट्टी होती. मी कंत्राटावर झाडलोट करायचे. भट्टीकडे तांब्याच्या जाडजूड केबली जायच्या. तिथे कॉलेजची पोरं शिकायला आली होती; साहेब त्यांना भट्टी समजावत होते.

साहेबांनी रबरी हातमोजा चढवला, मगच माझं मनगट धरलं. मनगटात चांदीचं कडं. लग्नातलं. आता निघत नाही.

"देखो. यह वायर, यह लूप." बोट कड्यावर टेकवलं, मग माझा हात केबलजवळ नेला. लांब नेला. पुन्हा जवळ. "टच नहीं हुआ. फिर भी कड़े में करंट."

कडं आधी कोमट झालं. मग चटका. मी हात ओढला. पकड घट्ट.

"रुक. अभी समझा रहा हूँ."

एका पोराने मोबाइल धरला. कुणीतरी हसलं. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

शेवटी मोजा काढून माझ्या अंगावर टाकला. "धो डाल."

बमरोलीला घरी आले तेव्हा मनगटाभोवती फोड होते. नवऱ्याने खोबरेल लावलं. म्हणाला, "काम जाई. चूप ऱ्हाय."

चूप राहिले. पुढची पोरं आली तेव्हा हात पदराखाली दडवला. साहेबांनी पुन्हा अंगठी काढून खिशात टाकली, दुसरी बाई शोधली. आशा. नंदुरबारकडची, नवीनच लागलेली. हातात धातूच्या बांगड्या. तिने हात पुढे केला. हसत. तेच हसू.

मी मधे जाऊन उभी राहिले.

"हात दिऊ नको, बई."

मग साहेबांकडे वळले. "साहेब, खिशातली अंगठी घाला. तुमचा हात न्या."

साहेबांचा हात खिशावर गेला. तिथेच राहिला.

"कल से मत आना."

गेटवर पास काढून घेतला. कंत्राटदार म्हणाला, माफी माग. नाही मागितली.

आशा अजून आत आहे. भट्टी चालूच आहे. सकाळपासून मी गेटसमोर उभी आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवते, मनगटावरचा डाग दाखवते, सांगते. काही मान खाली घालून जातात. काही थांबतात. वॉचमन म्हणाला, पोलिसांना बोलावतो.

म्हटलं, बोलाव. त्यांनाही सांगते.